विचारा बिनधास्त: टेबल माउंटनला रोपवेने जायचं की चालत?

मागच्या अंकात दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या तर इतके मेल आले की म्हटलं या महिन्याचं सदर तिथल्या टेबल माउंटन या एकाच डोंगराला देऊन टाकू. नोकरीमुळे मी तिथे दोन वर्षं राहिले, खिडकीतून रोज तो डोंगर दिसायचा, आणि वर किती वेळा गेले ते आता मोजत नाही. तरी वारा कधी फिरेल हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, ते आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: आम्ही सहा जण डिसेंबरमध्ये केपटाऊनला चार दिवस आहोत. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. टूरवाल्याने टेबल माउंटन शेवटच्या दिवशी दुपारी ठेवलाय. चालेल ना? (डोंबिवली)

नाही चालणार ताई. टूरवाल्याला आजच फोन करा आणि टेबल माउंटन पहिल्या दिवशी घ्यायला सांगा. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या, नाही तर तिसऱ्या. पेंग्विन, केप पॉइंट, वाइनच्या बागा हे सगळं कुठे पळून जात नाही, डोंगर मात्र पळतो, म्हणजे ढगात जातो.

होतं काय की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा आणि त्यातच साउथईस्टर नावाचा वारा सुटतो, आग्नेयेकडून येणारा. लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात कारण तो शहरातली घाण हवा, धूर सगळं समुद्रात नेऊन टाकतो. तर हा वारा फॉल्स बे या बाजूच्या समुद्रावरून दमट हवा घेऊन येतो, डोंगराला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि माथ्यावर ढग तयार होतो. मग तो ढग शहराच्या बाजूला कड्यावरून खाली ओघळायला लागतो आणि थोडा खाली आला की हवा परत गरम होते आणि ढग तिथल्या तिथे विरून जातो. म्हणजे खालून बघताना असं वाटतं की टेबलावर पांढरा कपडा टाकलाय आणि त्याची झालर लटकतेय, पण ती झालर कधी खाली पोचतच नाही. तिथे त्याला टेबलक्लॉथच म्हणतात. खाली शहरात लख्ख ऊन आणि वर तुम्हाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. आपल्याकडे लोणावळ्याला पावसाळ्यात दरीतून धुकं वर येतं ना, हे त्याच्या बरोबर उलटं, वरून खाली.

यावर तिथे एक गोष्ट पण सांगतात. व्हॅन हंक्स नावाचा म्हातारा निवृत्त समुद्री चाचा, म्हणजे दर्यावरचा लुटारू, शेजारच्या डेव्हिल्स पीकवर बसून चिलीम ओढायचा, एक दिवस सैतानच आला आणि दोघांत कोण जास्त ओढतो अशी पैज लागली, तो धूर म्हणजे हा ढग. सासूबाईंना ही गोष्ट आवडेल असं मला वाटतं.

वारा वाढला की रोपवे बंद होतो. वर असाल तर भोंगा वाजतो, तो वाजला की फोटो, कॉफी सगळं सोडून सरळ स्टेशनला या, रांग लागते. सकाळी निघायच्या आधी रोपवेच्या साइटवर चालू आहे का बंद ते बघायचं, आणि खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत असेल तर नाश्ता पुढे ढकलायचा पण निघायचं. तिकीट ऑनलाइन काढा, पण एका तारखेलाच चालतं की पुढे काही दिवस चालतं ते नीट वाचून मग पैसे भरा.

गुडघ्यांचं म्हणाल तर रोपवे असल्यावर काही काळजी नाही. १९२९ साली सुरू झालेला रोपवे आहे, आत्ताच्या गोल केबिन १९९७ च्या, एका वेळी ६५ माणसं मावतात आणि वर जाता जाता केबिनची जमीन पूर्ण गोल फिरते त्यामुळे खिडकीसाठी भांडायचं कारण नाही (आपली माणसं तरी भांडतात, मी पाहिलंय). पाच मिनिटांत वर. माथ्यावर स्टेशनच्या आसपास बांधलेल्या सपाट वाटा आहेत, बाक आहेत, कॅफे आहे. एक स्वेटर मात्र घ्याच, खाली घाम येत असला तरी वर वाऱ्यात दात वाजतात. आणि शेवटची केबिन किती वाजता ते चढायच्या आधी विचारून घ्या, डिसेंबरमध्ये सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो त्यामुळे वेळेचा अंदाज साफ चुकतो.

प्रश्न: दर रविवारी सिंहगड, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दोनदा केलीय. केपटाऊनला ऑफिसच्या कामाने जातोय, एक दिवस मोकळा आहे. एकटाच आहे. इंडिया व्हेन्स्टर नावाची वाट आहे असं वाचलं, नावामुळे तीच करावीशी वाटतेय! (पुणे)

नावामुळे मला पण तीच करावीशी वाटली होती रे! व्हेन्स्टर म्हणजे तिथल्या आफ्रिकान्स भाषेत खिडकी, तिथल्या कातळातल्या एका खिंडीतून बघितलं की आकार भारताच्या नकाशासारखा दिसतो म्हणून ते नाव असं सांगतात. मी बरंच डोकं वाकडं करून पाहिलं, थोडाफार दिसतो, काश्मीर कल्पनेने भरून घ्यावं लागतं.

पण एकट्याने ती नको. खालच्या रोपवे स्टेशनच्या मागूनच सुरू होते त्यामुळे लोकांना वाटतं सोपी असेल, आणि मग वर गेल्यावर कातळटप्पे येतात, साखळ्या आणि लोखंडी कड्या धरून चढायचं, खाली बघितलं तर शहर थेट पायाखाली. नळीची वाट केलेल्या माणसाला जड नाही जाणार हे मला मान्य आहे. अडचण चढाईची नसतेच, वाट चुकण्याची असते, ढग आला की खुणा दिसत नाहीत आणि रेस्क्यूवाल्यांना त्या वाटेवर नेहमीच जावं लागतं. तिथला कोणी माहितगार सोबत मिळाला तर जरूर कर, पण चढायलाच, उतरायला ती वाट वापरायची नाही.

मग उरतात दोन. प्लॅटेक्लिप गॉर्ज ही सगळ्यात सरळ, रोपवे स्टेशनपासून टाफेलबर्ग रोडने दीडेक किलोमीटर पुढे गेलं की पाटी दिसते. एका घळीतून दगडी पायऱ्या पायऱ्यांनी सरळ वर, साधारण साडेसहाशे मीटर चढ, म्हणजे तुझ्या सिंहगडाच्या आसपासच, फक्त मधे ताकवाल्या मावशी नाहीत. दोन तास धर. वर पोचल्यावर उजवीकडे वळलास तर पंधरा मिनिटांत रोपवे, डावीकडे गेलास तर पाऊण तासात मॅक्लिअर्स बीकन, तो खरा सर्वोच्च माथा, १०८५ मीटर. रोपवेने येणारे बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत त्यामुळे वाट बऱ्यापैकी शांत. मॅक्लिअर हा तिथल्या वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ, पृथ्वीचा आकार मोजायच्या सर्व्हेसाठी त्याने तिथे दगडांचा ढीग रचून घेतला होता, तोच हा बीकन.

प्लॅटेक्लिपबद्दल एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, ती मी भोगून सांगते. पहिल्या वेळी जानेवारीत सकाळी अकराला एक लिटर पाणी घेऊन निघाले. मनात हिशोब असा की घळ उत्तरेच्या बाजूला आहे म्हणजे सावली असणार, आपल्याकडे उत्तरेच्या अंगाला ऊन कमीच ना. अहो पण दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! म्हणजे ती घळ तापलेल्या तव्यासारखी. अर्ध्यात पाणी संपलं, एका जर्मन आजोबांनी त्यांच्या बाटलीतलं दिलं, आणि वर पोचल्यावर कॅफेत मी सलग दोन बाटल्या संपवल्या. तर तू सहा-साडेसहाला निघ आणि तीन लिटर पाणी ने.

ऊन नको असेल तर स्केलेटन गॉर्ज. ही पूर्वेच्या अंगाने, कर्स्टनबॉश बोटॅनिकल गार्डनमधून सुरू होते (बागेचं तिकीट लागतं), दाट झाडी, ओढा, मधे लाकडी शिड्या, दगड ओले असतात. माझी सगळ्यात आवडती वाट, कारण एकदम आपल्या भीमाशंकरच्या जंगलात असल्यासारखं वाटतं आणि मग अचानक झाडी संपून माथा उघडतो. वर धरणं आहेत, त्यांचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं, ते झाडापाल्यातल्या टॅनिनमुळे, घाण नाहीये ते. या वाटेला स्मट्स ट्रॅक पण म्हणतात. हो, तोच जनरल स्मट्स ज्याने गांधीजींना तुरुंगात टाकलं आणि गांधीजींनी तुरुंगात स्वतः बनवलेल्या चपला ज्याला भेट दिल्या. म्हातारपणातही तो या वाटेने चढायचा.

उतरताना रोपवेचं एका बाजूचं तिकीट मिळतं, पण रोपवे बंद असू शकतो हे धरूनच पाणी आणि ताकद शिल्लक ठेव. आणि दगडाचं सांगायचं राहिलं, हा आपला काळा बेसॉल्ट नाही, वाळूचा खडक आहे, कोरडा असला की बुटाला मस्त पकडतो, ओला झाला की मात्र भरवसा नाही.

प्रश्न: मुलगी तिकडे शिकायला गेलीय, मैत्रिणींबरोबर त्या डोंगरावर जाते म्हणते. तिथे लुटालूट होते असं ऐकलं. जाऊ द्यावं का? (कोल्हापूर)

काकू, लुटालूट होते हे खरं आहे, उगाच गोड बोलून सांगणार नाही. डोंगराच्या पायथ्याच्या वाटा, शहराला लागून असलेल्या, तिथे मोबाइल, कॅमेरा हिसकावण्याचे प्रकार होतात. तिथले लोक स्वतःच चार किंवा जास्त जणांचा ग्रुप करून जातात, एकटं जात नाहीत, आणि शनिवार-रविवारी सकाळी जेव्हा वाटेवर गर्दी असते तेव्हा जातात. मुलीला एवढंच सांगा की ग्रुपमध्ये जा, कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत येणार ते रूमवर कोणाला तरी सांगून जा, डोंगर ज्या नॅशनल पार्कात येतो त्या पार्कचा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये ठेव, अंधार पडायच्या आत खाली ये, आणि कोणी काही मागितलंच तर देऊन टाक, वाद नको.

पण खरं सांगू का, त्या डोंगरावर माणसांचे हाल जास्त करून दुसऱ्याच कारणांनी होतात. शहराच्या मधोमध आहे, वर कॅफे आहे, रोपवे आहे, म्हणून लोक बागेत जावं तसे चपला घालून येतात. मग ढग येतो, अर्ध्या तासात थंडी, वाट दिसेना, शॉर्टकट म्हणून कुठल्या तरी घळीतून उतरायला लागतात आणि खाली सरळ कडा! ढगात वाट हरवली तर आहे तिथे थांबायचं किंवा आलेल्या वाटेने मागे फिरायचं, नवीन वाटेने उतरायचं नाही. हे तिला चोरांपेक्षा जास्त ठासून सांगा. जाऊ मात्र द्या.

प्रश्न: मी सातवीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात टेबल माउंटनचा फोटो आहे. तो वरून सपाट कसा झाला? कोणी कापला का? (दापोली)

वा, सगळ्यात भारी प्रश्न तुझा. कापला तो पाण्याने आणि वाऱ्याने, पण कोट्यवधी वर्षं लावून. साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूचे थर एकावर एक आडवे साचत गेले, दाबले जाऊन त्यांचा खडक झाला, खाली ग्रॅनाइट होता त्याच्यावर. मग जमिनीला घड्या पडल्या, चादर सरकवली की पडतात तशा. हा डोंगर म्हणजे घडीचा खालचा खोलगट भाग, तिथला खडक दाबून दाबून जास्त पक्का झाला. आजूबाजूचा उंच भाग भेगाळलेला, तो झिजून वाहून गेला आणि खालचा उरला, तोच आता उंच. आणि थर आडवेच राहिल्यामुळे माथा सपाट. आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे तो अगदीच लहान भाऊ.

आकाशात पण हा डोंगर आहे बरं का. १७५१ साली लाकाय नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ केपटाऊनला तारे मोजायला आला होता, त्याने एका तारकासमूहाला या डोंगराचं नाव दिलं, मेन्सा, म्हणजे टेबल. तो इतका दक्षिणेला आहे की दापोलीहून दिसणार नाही.

आणि तू दापोलीचा आहेस म्हणून अजून एक. तुझ्या तालुक्यातलं दाभोळ बंदर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाने १५०८ च्या डिसेंबरअखेरीस जाळलं, लोक मारले. तो भारतातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय. कारकीर्द संपवून मायदेशी निघाला, वाटेत पाणी भरायला या टेबल माउंटनच्या पायथ्याशी थांबला, तिथल्या खोईखोई लोकांशी त्याच्या माणसांचं भांडण झालं, हे त्यांच्या वस्तीवर चालून गेले आणि १ मार्च १५१० ला खोईखोईंनी त्याला तिथल्या किनाऱ्यावर ठार केलं, सोबतची साठच्या वर माणसं पण. दाभोळ जळून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. खाडीवर गेलास की सांग मित्रांना.

प्रश्न: क्रिकेट मॅचमध्ये मागे दिसतो तो हाच का? (जळगाव)

हाच. न्यूलँड्स ग्राउंड याच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे, टीव्हीवर दिसतो तो डोंगराचा मागचा भाग, सपाट टेबलाची बाजू शहराकडून आणि समुद्राकडून दिसते. १९९७ ला सचिनने १६९ मारले आणि अझरने ११५, ते इथेच. आणि २०२४ च्या जानेवारीत सिराजने १५ रनमध्ये ६ काढून त्यांना ५५ वर गुंडाळलं ते पण इथेच. ती टेस्ट ६४२ बॉलमध्ये संपली, निकाल लागलेल्या टेस्टमधली सगळ्यात छोटी. ज्यांनी पुढच्या तीन दिवसांची तिकिटं काढली होती त्यांना डोंगर चढायला वेळच वेळ मिळाला असणार.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, कासला दरवर्षी जाते. जानेवारीत केपटाऊनला फुलं असतील का? (सातारा)

बाई, तुम्ही कासवाल्या म्हणजे तुम्हाला तिथून ओढून आणावं लागेल. तिथल्या झुडपांच्या रानाला फाइनबॉस म्हणतात, बारीक पानांची चिवट झुडपं, आणि केपच्या या वनस्पतींच्या प्रदेशाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रानफुलांचा मोठा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचा, पण जानेवारीचं एक वेगळंच आहे: लाल डिसा. ओढ्याकाठी, पाणी ठिबकणाऱ्या कातळाला लागून येणारं ऑर्किड, तळहाताएवढं, भडक लाल. जानेवारी ते मार्चच मिळतं. आणि त्याचं परागीभवन करणारं फुलपाखरू एकच, माउंटन प्राइड, त्याला लाल रंगाचं इतकं वेड की लाल टोपी घातली तर टोपीवर येऊन बसतं. स्केलेटन गॉर्जच्या वर ओढ्याच्या आसपास शोधा. तोडायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको.

वर कातळावर डॅसी दिसतील, शेपूट नसलेल्या गुबगुबीत घुशीसारखा प्राणी, ऊन खात पडलेला. त्याचे जवळचे नातेवाईक कोण, तर हत्ती! मला कितीदा सांगूनही खरं वाटत नाही. खायला देऊ नका, चावतात.

आणि एक आपल्या देशाचा पाहुणा होता तिथे, हिमालयातला ताहर. १९३६ साली तिथल्या झूमधून एक जोडी पळाली, डोंगर आवडला, वाढत वाढत शेकडो झाले आणि तिथली झाडं खाऊन माती सैल करायला लागले. मग पार्कने बहुतेक मारून टाकले, त्यावरून तिथे मोठा वाद झाला. शास्त्राने बरोबर असेल, तरी मला वाईट वाटलंच.

प्रश्न: आमचं चुकलंच. गेल्या ऑगस्टमध्ये तीन दिवस गेलो, तीनही दिवस पाऊस आणि रोपवे बंद. ट्रॅव्हलवाल्याने पैसेही परत दिले नाहीत. आता मेमध्ये परत एक दिवस मिळतोय. काय करू? (ठाणे)

काका, तिकडचा पावसाळा आपल्यासारखाच जून ते ऑगस्ट, फक्त तो त्यांचा हिवाळा, त्यामुळे पाऊस आणि थंडी एकदम. शिवाय हिवाळ्यात, बरेचदा जुलैच्या सुमारास, दुरुस्तीसाठी रोपवे काही दिवस बंदच ठेवतात. हे बुकिंग घेणाऱ्याने सांगायला हवं होतं. मे पण पावसाच्या तोंडावरचाच, मधेमधे मात्र दोन-तीन दिवस असे स्वच्छ आणि बिनवाऱ्याचे मिळतात की उन्हाळ्यात मिळत नाहीत.

यावेळी पैसे आधी अडकवू नका. सकाळी डोंगर उघडा असेल तर थेट वर. ढगात असेल तर शेजारचा लायन्स हेड बघा, ६६९ मीटर, तो कमी उंच असल्यामुळे मोठ्या डोंगरावर ढग असताना बरेचदा मोकळा असतो. जाऊन येऊन दोन-अडीच तास, शेवटी शिड्या-साखळ्या आहेत पण वळसा घालून जायची वाट पण आहे. चढायचं नसेल तर सिग्नल हिलपर्यंत गाडी जाते. तिथे रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून रोज दुपारी बाराला तोफ उडवतात, दचकाल. आणि समोरून टेबल बघायचं असेल तर गाडी करून ब्लाउबर्गच्या किनाऱ्यावर जा, खाडीपलीकडे अख्खा डोंगर दिसतो, पोस्टरवरचा फोटो तिथूनच काढतात. संध्याकाळी चारनंतर जा, तेव्हा ऊन कड्यावर येतं. आणि तिथे उभं असताना ढग हटला आणि रोपवे चालू दिसला तर सरळ टॅक्सी करा, अर्ध्या-पाऊण तासात पायथ्याला पोचता.